गटाची दुर्बीण : मोठी घ्यावी की चांगली?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

मी उल्हासनगर कॅम्प चारमधून बोलतेय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांसोबत मी काम करते. गटाला शिलाई मशीन घ्यायचं असो, पापडाचं यंत्र असो की पिठाची गिरणी, तीन दुकानांची कोटेशनं मागवायची आणि बैठकीत ती शेजारी शेजारी ठेवून बघायची, हे काम आपल्या अंगवळणी पडलंय. आज मी अशाच एका वस्तूबद्दल बोलणार आहे, पण ती तुमच्या यादीत बहुधा नसेल. ती वस्तू म्हणजे आकाश बघायची दुर्बीण.

हसू नका. आमच्याकडच्या काही गटांनी हा विषय बैठकीत आणला. मुलींना शाळेच्या पुस्तकात गुरू आणि शनी भेटतात, पण आकाशात कधी भेटत नाहीत, तेव्हा दहा गटांनी मिळून एक दुर्बीण घेऊ या, असं ठरत होतं. लगेच प्रश्न सुरू झाले. कुठली घ्यायची? केवढी घ्यायची? एवढे पैसे घालायचे आणि ती कपाटावर धूळ खात बसली तर? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटला. म्हणून आज मी दुर्बिणींची तुलना करणार आहे ती या एका प्रश्नावरून : आपण घेतलेली दुर्बीण वर्षातून किती रात्री घराबाहेर निघेल?

आधी खोक्यावर काय लिहिलेलं असतं ते बघू. बाजारात स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ५२५ पट मोठं दिसेल, ६७५ पट मोठं दिसेल. वर शनीचा रंगीत फोटो. उल्हासनगरच्या बायकांना लेबलाचं वेगळं सांगायला नको. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या गावाच्याच नावावर आहे. तेव्हा लेबल वाचा, पण त्याच्यावर जाऊ नका.

दुर्बिणीत ‘किती पट’ हा आकडा सगळ्यात कमी महत्त्वाचा. डोळ्याकडचं छोटं भिंग असतं, त्याला आयपीस म्हणतात. ते बदललं की पट बदलते. हिशोब सोपा आहे : दुर्बिणीची फोकल लांबी भागिले आयपीसची फोकल लांबी. हे दोन्ही आकडे त्या त्या वस्तूवर छापलेले असतात. १२५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचं आयपीस लावलं तर ५० पट, १० मिलिमीटरचं लावलं तर १२५ पट. म्हणजे पट कितीही वाढवता येते. पीठ तेवढंच ठेवून भाकरी थापत राहिलं की भाकरी मोठी होते, पण शेवटी फाटते. तसंच हे. चित्र मोठं होतं, पण अंधुक होतं, फाटतं.

मग पीठ किती आहे हे कशावरून कळतं? समोरच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या रुंदीवरून, म्हणजे व्यासावरून. प्रकाश तिथून आत येतो. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त सात मिलिमीटरपर्यंत उघडते. ६० मिलिमीटरचं भिंग त्याच्या सुमारे ७३ पट प्रकाश गोळा करतं, ९० मिलिमीटरचं सुमारे १६५ पट. आणि व्यवहारातला नियम असा की व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पट करावी, त्यापुढे जाण्यात अर्थ नाही. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट ही मर्यादा झाली. तिच्या खोक्यावर ५२५ लिहिलं असेल, तर ते विकायला लिहिलेलं आहे, बघायला नव्हे.

एका गटातल्या ताईंनी मुलासाठी अशीच एक दुर्बीण जत्रेतून आणली होती. चंद्र दिसला, पण जरा हात लागला की सगळं हलायचं. मुलगा दोन दिवसांत कंटाळला. ताई म्हणाल्या, “आमच्या पोराला आकाशाची आवड नाही.” मी ती दुर्बीण बघितली. पोराची आवड ठीक होती, तिपाईच डुगडुगत होती.

म्हणून दुसरी गोष्ट तिपाईची, म्हणजे स्टँडची. पन्नास पट मोठं करून बघतो तेव्हा हादराही पन्नास पट मोठा होतो. दुकानात तिपाईला एक टिचकी मारा आणि मनात आकडे मोजा. दोन-तीन सेकंदांत चित्र थांबलं तर ठीक. पाच-सहा सेकंद डुलत राहिलं तर ती दुर्बीण कितीही चकचकीत असो, पैसे परत कमरेला लावा.

आता मोठी की छोटी? व्यासावर सगळं अवलंबून असेल तर मोठीच घ्यावी, असं कुणीही म्हणेल. इथे मला तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगायचीय. नाव कॅरोलाइन हर्शेल. जर्मनीतल्या हॅनोव्हरची मुलगी. लहानपणी आजारात उंची खुंटली, घरच्यांनी धरून चाललं की हिने आयुष्यभर घरकाम करायचं. भाऊ विल्यम तिला इंग्लंडला घेऊन गेला. हाच तो विल्यम हर्शेल, ज्याने १७८१ साली युरेनस ग्रह शोधला. कॅरोलाइन घर सांभाळायची, रात्री भावाच्या नोंदी लिहायची, दिवसा हिशोब करायची.

पुढे विल्यमने राजाच्या पैशातून चाळीस फूट लांबीची अवाढव्य दुर्बीण बांधली. आरसा जवळजवळ सव्वा मीटर रुंद. ती १७८९ साली पूर्ण झाली. लोक लांबून बघायला येत. पण ती चालवायला माणसं लागत, हवा चांगली लागे, तयारीतच वेळ जाई. विल्यम स्वतःच बहुतेक वेळा आपली जुनी, अर्ध्या लांबीची दुर्बीण वापरायचा. आणि कॅरोलाइनकडे काय होतं? सुमारे चार इंच आरशाची एक लहान दुर्बीण, एकटीला वळवता येईल अशी. १७८६ च्या १ ऑगस्टला, भाऊ परदेशी गेलेला असताना, तिने त्या दुर्बिणीतून धूमकेतू शोधला. पुढच्या अकरा वर्षांत एकूण आठ धूमकेतू तिच्या नावावर लागले. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड पगार सुरू केला. विज्ञानाच्या कामासाठी पगार घेणारी ती इंग्लंडमधली पहिली बाई मानली जाते.

मूर्ती लहान, पण कीर्ती महान. मोठी दुर्बीण वाईट नव्हती. पण जी एकटीला उचलता येत नाही, ती रोज उचलली जात नाही. आपण दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. पाण्याचे हंडे, मुलांची दप्तरं, शिलाईचे कपडे यांतून जी वस्तू एका हाताने काढून गच्चीवर नेता येईल, तीच बाहेर निघेल. नाकापेक्षा मोती जड झाला की मोती डब्यातच राहतो.

म्हणून आपण लहान पण चांगल्या दुर्बिणींचाच विचार करू. त्यांचे चार प्रकार मी तुमच्यापुढे ठेवते. चार कोटेशनं समजा.

पहिला प्रकार, आखूड नळीची भिंगाची दुर्बीण. ६० ते ८० मिलिमीटर व्यासाची, हातभर लांबीची. साध्या काचेच्या भिंगात एक दोष असतो, सगळे रंग एका जागी येत नाहीत, म्हणून चंद्राच्या कडेला जांभळी किनार दिसते. उंची दुर्बिणीत खास काच किंवा फ्लोराइट नावाचा स्फटिक वापरतात, मग किनार जवळजवळ नाहीशी होते. जपानची ताकाहाशी आणि अमेरिकेची टेली व्ह्यू या कंपन्या अशा छोट्या दुर्बिणींसाठी जगभर नावाजलेल्या आहेत. या दुर्बिणीतून आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो. कृत्तिकेचा पुंजका आकाशात जवळजवळ चार चंद्र शेजारी ठेवावेत एवढा रुंद आहे. तो यात अख्खा मावतो. पण व्यास लहान, म्हणून ग्रहांचे बारकावे कमी, आणि नावाजलेल्या कंपनीची घेतली तर किंमत लाखाच्या घरात जाते.

दुसरा प्रकार, घडी घातलेल्या प्रकाशाची दुर्बीण. हिला माक्सुतोव्ह म्हणतात, द्मित्री माक्सुतोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या नावावरून. त्यांनी ही रचना १९४१ साली काढली. प्रकाश आत येतो, मागच्या आरशावर आपटून पुढे जातो, पुढून परत मागे येतो आणि आयपीसमधून बाहेर पडतो. नऊवारी घडी घालून पिशवीत बसवतो ना, तसा सव्वा मीटरचा प्रकाशाचा रस्ता फूटभर नळीत बसतो. चंद्र आणि ग्रह बघायला ही फार छान. नळी पुढून बंद असते, त्यामुळे आपल्याकडची धूळ आत जात नाही. पण आकाशाचा तुकडा लहान दिसतो, कृत्तिका यात मावत नाही. आणि पत्र्याच्या गरम खोलीतून बाहेर आणली की नळी थंड व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर चित्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. म्हणून स्वयंपाकाला लागायच्या आधीच ती बाहेर ठेवायची, जेवणं होईपर्यंत तयार होते.

या प्रकारातली जगातली सगळ्यात मानाची दुर्बीण म्हणजे क्वेस्टार. अमेरिकेत १९५४ पासून विकली जाते. व्यास फक्त ८९ मिलिमीटर, पण आरसे इतके काटेकोर घासलेले की सत्तर वर्षं तिचं नाव टिकून आहे. नळीवर चंद्राचा नकाशा कोरलेला, पुढच्या टोपीवर ताऱ्यांचा नकाशा, बुडाशी मोटर, जी पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने दुर्बीण वळवते. सगळी दुर्बीण एका पेटीत बसते. किंमत काही लाख रुपये. ती आपण घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. मग सांगितली कशाला? कारण तिच्यावरून दोन गोष्टी कळतात. चांगली दुर्बीण लहान असू शकते. आणि त्याच मापाची, त्याच रचनेची ९० मिलिमीटरची साधी माक्सुतोव्ह क्वेस्टारच्या किमतीच्या अगदी लहान हिश्श्यात मिळते. तिच्यात क्वेस्टारचा थाट नाही, मोटर नसेल, नकाशे नसतील. पण गुरूचे चार चंद्र आणि शनीचं कडं तिच्यातूनही दिसतं. फरक भरजरी पैठणी आणि चांगल्या सुती लुगड्यातला. अंग दोन्हींनी झाकतं, आणि रोजच्या वापराला लुगडंच बरं.

तिसरा प्रकार, टेबलावर ठेवायची आरशाची दुर्बीण, १३० मिलिमीटर व्यासाच्या आसपासची. हिचा स्टँड म्हणजे प्लायची पेटी. ही युक्ती लोकप्रिय केली जॉन डॉब्सन यांनी. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत आश्रमात संन्यासी होते. हाताशी पैसा नाही, म्हणून भंगारातली काच घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळीत बसवले आणि लाकडाच्या फिरत्या पेटीवर ठेवले. १९६८ पासून ते आणि त्यांचे सोबती दुर्बीण फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवू लागले. आजही अशा दुर्बिणीला ‘डॉब्सोनियन’ म्हणतात. दर रुपयामागे सगळ्यात जास्त प्रकाश हीच देते. आणि प्लायची पेटी मोडली तर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला कुठलाही मिस्त्री ती नीट करून देईल. पण नळी उघडी, आत धूळ जाते. आरसे मधून मधून जुळवावे लागतात. आणि ठेवायला न हलणारं स्टूल किंवा ओटा लागतो.

चौथा प्रकार नवा आहे, स्मार्ट दुर्बीण. २०२३ मध्ये चिनी कंपनी झेडडब्ल्यूओने सीस्टार एस-५० आणली, व्यास ५० मिलिमीटर, वजन अडीच किलो. हिला आयपीसच नाही. मोबाइलवर नाव निवडायचं, ती स्वतः वळते, एकामागून एक फोटो काढते आणि ते एकावर एक रचते. शहराच्या उजेडातही मृग नक्षत्रातला तेजोमेघ फोनवर उमटतो. एकावेळी दहा जणी बघू शकतात. पण गुरू-शनी तिच्यात बारीक दिसतात, आणि जे दिसतं तो फोटो असतो. स्वतःच्या डोळ्यात आलेला शनीचा प्रकाश वेगळा आणि फोनवरचं चित्र वेगळं. ज्या मुलीने दोन्ही बघितलंय, तिला मी हे समजावून सांगायला नको.

आता यातलं आपल्याला कुठलं चालेल हे ठरवताना आपलं आकाश विचारात घ्या. कॅम्प चारमध्ये रात्रीही इतका उजेड असतो की तारे मोजून दिसतात. पण चंद्र, गुरू, शनी, शुक्र स्वतःच इतके तेजस्वी की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचं फारसं बिघडत नाही. म्हणून शहरातल्या गच्चीवर माक्सुतोव्ह शोभते. तुम्ही मुरबाडकडच्या पाड्यावर राहत असाल, वर काळंभोर आकाश असेल, तर तुमची श्रीमंती आमच्यापेक्षा जास्त. तिथे आखूड नळीची किंवा डॉब्सोनियन खरं काम दाखवेल. तिथे तर दोन डोळ्यांनी बघायची साधी १० बाय ५० ची दुर्बीणही पुष्कळ झाली. तिच्यातून कृत्तिका दिसेल, आकाशगंगा दिसेल, पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेली देवयानी दीर्घिका धुरकट ठिपक्यासारखी दिसेल. पैसे कमी असतील तर सुरुवात तिथून करा.

पण माझं ऐकून पैसे देऊ नका. साडी आपण हातात घेऊन, उजेडात नेऊन बघतो. दुर्बीणही तशीच बघून घ्यायची. त्याची सोय आपल्या रेल्वेच्या मार्गावरच आहे. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभर आकाश दाखवायचे कार्यक्रम वांगणीला होत आलेत. पुण्याला ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ साली सुरू झालेली, देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सगळ्यात जुनी संस्था. अशा ठिकाणी एकाच रात्री तीन-चार जातींच्या दुर्बिणी उभ्या असतात आणि ज्यांच्या आहेत ती माणसं आनंदाने दाखवतात. गटातल्या दोघी-तिघींनी आधी जाऊन यावं, मग ठरवावं.

तिथे तुलना कशी करायची, तेही सांगते. एकच वस्तू, एकाच रात्री, साधारण सारख्याच पटीने, दोन्ही दुर्बिणींतून बघायची. एकीत चंद्र आणि दुसरीत शनी बघून काही कळत नाही. चंद्राच्या कडेला जांभळी किनार आहे का बघा. एक तेजस्वी तारा घ्या, फोकस थोडा बिघडवा, दोन्ही बाजूंना ताऱ्याचं वर्तुळ गोल दिसायला हवं. एका बाजूला ओढलेलं दिसलं तर भिंगं-आरसे नीट जुळलेले नाहीत. मग फोकसचं चाक फिरवा, ते मऊ फिरतं की अडकतं? आणि शेवटी ती दुर्बीण तुम्ही स्वतः उचलून दहा पावलं चाला. ही परीक्षा मालकाला विचारूनच करा, पण करा.

रांगेचाही विचार करा. पृथ्वी फिरते, म्हणून चंद्र दर दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. पन्नास पटीला ग्रह साधारण चार मिनिटांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. रांगेत वीस जणी असतील तर कुणीतरी सतत दुर्बीण सरकवत राहायला हवी. मोटर असेल तर हे काम वाचतं, पण किंमत वाढते आणि बॅटरीची कटकट येते. माझ्या मते मोटरीपेक्षा दोन शिकलेल्या मुली बऱ्या. त्यांचे हात बसले की त्या पुढे दहा जणींना शिकवतात.

आता पैसे आणि मालकी. इथे मी समन्वयक म्हणून कडक बोलणार आहे. अंतर्गत कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही. ते पैसे दवाखान्याचे आहेत, फीचे आहेत, बियाण्याचे आहेत. दुर्बिणीसाठी वेगळी वर्गणी काढायची आणि वेगळ्या वहीत लिहायची. दहा गटांतल्या ११० बायकांनी महिन्याला २० रुपये दिले, तर वर्षात २६,४०० रुपये होतात. एका बाईला हे एकटीने परवडत नाही, आणि एकटीने घेण्यात शहाणपणही नाही, कारण एका घरात ती महिन्यातून एखाद्या रात्री निघेल. दहा गटांत फिरली तर दर आठवड्याला निघेल. वस्तूची किंमत वापराने वसूल होते.

नियम बैठकीत ठरवून ठरावात लिहा. दुर्बीण कुणाच्या घरी राहणार, किती दिवस. नेताना आणि आणताना दोघींच्या सह्या. मोडतोड झाली तर दुरुस्ती कुठल्या पैशातून. आणि आयपीस मोजून द्यायची, मोजून घ्यायची, ती छोटी असतात, खिशात राहून जातात.

सांभाळायचं कसं? आपल्या ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर आकाश बंद, आणि हवेत ओल. या ओलीने भिंगावर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती भिंग कायमचं खराब करू शकते. पावसाळ्यात दुर्बीण हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की नव्या टाका. धूळ बसली तर रबरी फुग्याने हवा मारून उडवा. आणि मैत्रिणींनो, भिंग पदराने पुसायचं नाही. पदर सगळ्याला चालतो, भिंगाला नाही. धुळीचा एक कण काचेवर ओढला की ओरखडा कायमचा.

एक धोका फार गंभीर आहे, तो नीट ऐका. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. एका क्षणात डोळा जातो आणि दुखतही नाही, त्यामुळे कळत नाही. स्वस्त दुर्बिणीसोबत कधी कधी आयपीसला लावायची काळी काच येते, सूर्यासाठी म्हणून. ती काच उष्णतेने तडकू शकते. ती मिळाली तर त्याच दिवशी फोडून टाका. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा खास सौर फिल्टर लागतो आणि जाणकार माणूस सोबत लागतो. २०२७ च्या २ ऑगस्टला आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण आहे, पावसाळी ढगांनी वाट दिली तर तेव्हा हे आठवा. दिवसा दुर्बीण उघड्यावर पोरांच्या हाती सोडायची नाही, हा नियम ठरावात पहिला लिहा.

चंद्राचं मात्र उलट आहे. चंद्रग्रहण बघायला कसलाही धोका नाही, नुसत्या डोळ्यांनी नाही, दुर्बिणीतून नाही, गरोदर बाईलाही नाही. त्या रात्री तिला अंधाऱ्या खोलीत उपाशी बसवायची गरज नाही. २०२८ च्या ३१ डिसेंबरला रात्री खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडून दिसणार आहे. तोवर गटाची दुर्बीण आलेली असेल, तर सासू-सुना एकत्र गच्चीवर बसून तांबडा चंद्र बघतील.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच, आणि विचारायला हवाच. याने पोट भरतं का? नाही भरत. शिलाई मशीन आणि दुर्बीण यांत एकच घेता येत असेल तर शिलाई मशीन घ्या. पण गट फक्त कर्ज घ्यायला आणि फेडायला नसतो. एका पाड्यावर एका आजींनी पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर भाकरीसारखा आहे, फोड आलेल्या.” चंद्रावरच्या विवरांचं इतकं अचूक वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, हे खड्डे कशाने पडले? साठीच्या बाईने विचारलेला प्रश्न होता तो, आणि त्या रात्री तिथल्या मुलींनी तो ऐकला. आपल्या मुलींना रात्री बाहेर पडायचं कारण आपण फार क्वचित देतो. आई, मावशी, आजी सोबत आहेत, दारं उघडी आहेत आणि सगळ्या जणी वर बघतायत, अशी रात्र गटच देऊ शकतो.

माझं मत विचाराल तर आमच्या शहरातल्या गटांसाठी मी ९० मिलिमीटरची माक्सुतोव्ह आणि मजबूत तिपाई सुचवली आहे. दोन्हींत पैसे वाटायचे असतील तर तिपाईवर कंजुषी नको. गावातल्या गटांसाठी डॉब्सोनियन, किंवा आधी १० बाय ५० ची दुर्बीण. निर्णय तुमचा, तुमच्या आकाशाचा आणि तुमच्या खोलीच्या मापाचा.

आणि हो, पहिली रात्र पौर्णिमेची धरू नका. पौर्णिमेला चंद्रावर सावल्या नसतात, सगळं सपाट आणि पांढरंफटक दिसतं, डोळे दिपतात. शुद्ध अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ निवडा. अर्ध्या चंद्राच्या कडेवर ऊन तिरपं पडतं, डोंगरांच्या सावल्या लांब होतात आणि प्रत्येक विवर उठून दिसतं. या महिन्याच्या बैठकीची तारीख ठरवताना कॅलेंडरवर अष्टमी कधी आहे तेवढी बघून ठेवा.